सगळ्यांना पाठ असलेली किंकाळी

४ नोव्हेंबर

छोट्या,

तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि चुकून दिलंस तर मीच शेवटी ‘बरं बाबा’ म्हणून मोकळी होते. म्हणून पत्र.

आईला तू परस्पर कळवलंस ते बरं केलं नाहीस. आता ती कुणाचं ऐकायची नाही. औषधाच्या दुकानात, जिन्यात, खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना, सगळ्यांना सांगून झालंय : आमच्या ह्यांच्या सिनेमाचा गौरव आहे, मोठ्या पडद्यावर, मुलाने घडवून आणलाय. तुला माहीतच आहे तिचं. बाबांनी आयुष्यात एकच सिनेमा काढला, ‘सातव्या विहिरीचा शाप’. तो आठवडाभरही टिकला नाही, आणि पुढे जन्मभर ते स्टुडिओत लोकांना ‘हनुवटी जरा वर’ सांगत पासपोर्टचे फोटो काढत बसले. पण आईच्या लेखी सिनेमा काळाच्या पुढचा होता आणि लोक मागासलेले. बाबा गेल्यापासून तिच्याकडे तेवढंच उरलंय.

तुझ्या त्या मॅरेथॉनची मी चौकशी केली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक पाच सिनेमे, सगळे पडलेले, एकाहून एक भयंकर. आणि माणसं रजा काढून दर वर्षी ते बघायला येतात. म्हणजे गौरव कसला ते मला समजलं. आईला तू समजावणार आहेस, की तेही मीच करायचं?

येते मी. तिला एकटीला त्या गर्दीत सोडवत नाही म्हणून येते, भलतं काही समजू नकोस. दोन गोष्टी मात्र आत्ताच सांगून ठेवते. मला स्टेजवर बोलवायचं नाही. सिनेमातली ती लहान मुलगी म्हणजे मी, हे तिथे कुणाला कळता कामा नये. आणि बाबा आजारी असताना दवाखान्याच्या जिन्यात मी तुला जे सांगितलं, ते त्या जिन्यातच राहू दे. आईला ते माहीत नाही. कळायची गरजही नाही.

तिला कानाचं नवीन मशीन बसवलंय. आमच्याच क्लिनिकमध्ये, मीच. लोकांचे कान तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण इतकं छान बसलेलं मशीन मी पाहिलं नाही. पलीकडच्या खोलीतली कुजबुजसुद्धा ऐकू येते तिला आता. तेव्हा तोंड सांभाळून.

ताई


२८ नोव्हेंबर

छोट्या,

‘आई खूश होती ना?’ हे तू इतक्यांदा विचारलंयस की तुला उत्तर माहीत असणार. स्टेजवर तुझ्या तोंडावर उजेड होता, तुला पहिली रांग दिसली नसेल. मी पहिल्या रांगेत होते. सांगते.

आम्ही पोचलो तेव्हा दाराबाहेर रांग लागली होती. उशा, थर्मास, डबे, पांघरुणं. लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखी माणसं. आईने ठेवणीतले कपडे घातले होते, मोत्यांची माळ घातली होती, आणि आदल्या दिवशी मला दोनदा विचारलं होतं की तिला दोन शब्द बोलायला सांगतील का. आमच्या शेजारी एक दातांचा डॉक्टर होता. गळ्यात दोरी बांधून रबरी सरड्याचं मुंडकं लटकवलेलं. आईच्या खुर्चीची स्प्रिंग वर आलीय हे बघून त्याने स्वतःची उशी तिला दिली आणि दिवसभर त्या स्प्रिंगवर स्वतः बसला. त्याच्या पलीकडे एक बाई अंधारात न बघता विणत होत्या. म्हणाल्या, “आमचे हे म्हणतात माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. मी म्हणते, झाला तर झाला, वर्षातून एकच दिवस होतो.” चांगली माणसं होती रे. हेच जास्त लागलं. पाजी असती तर सोपं गेलं असतं.

आणि खरं सांगते, आम्ही हसलो. पहिल्या सिनेमात तो गोरिला पाठमोरा झाला आणि त्याच्या पाठीवरची चेन दिसली, तेव्हा आईच ओरडली, “अगं बाई, चेन!” आणि सगळ्या थिएटरने तिला टाळ्या दिल्या. दुसऱ्यात परग्रहावरची माणसं डोक्यावर पातेल्या घालून आली. मी पोट धरून हसत होते. कधी हसले होते इतकी, आठवत नाही. ज्या माणसाने त्या पातेल्या गोळा केल्या असतील, त्याचंही घर असेल, हे त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही. आईच्याही नाही.

मग दुपारी बाबांचा.

पडद्यावर बाबांचं नाव आलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या. आईने माझा हात धरला. “बघ, टाळ्या.” पहिला संवाद सुरू व्हायच्या आधीच लोकांनी तो म्हणून टाकला. आई माझ्या कानाशी म्हणाली, “यांना तोंडपाठ आहे गं सगळं!” केवढा अभिमान होता त्या आवाजात. म्हणजे गेली काही वर्षं तू तो सिनेमा तिथे दाखवतोयस. हे आम्हाला तिथे बसून कळलं.

मग विहिरीतून तो हात वर आला. कधी डावा, कधी उजवा. लोक ओरडत होते, “डावा!” “उजवा!” “डावा!” आई थोडा वेळ बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “तो हात मी शिवला होता. एकच शिवून झाला होता, तोवर मला दवाखान्यात जावं लागलं.” आणि तिचा हात माझ्या हातात सैल पडला. ओढून घेतला नाही. नुसता सैल पडला.

तिला समजलं होतं, छोट्या. पुढचं सगळं तिने समजून बघितलं.

मग तो प्रसंग. मेलेली आई विहिरीच्या काठावर पडलीय, आणि सात वर्षांची मी तिच्याकडे धावतेय. थिएटरभर लोक उभे राहिले. मिश्या असलेल्या बाप्यांनी खिशातून, पडद्यावर माझ्या डोक्याला होत्या तशा गुलाबी रिबिनी काढून बांधल्या. पडद्यावर मेलेल्या बाईने नाक खाजवलं, एकच हशा, आणि मग सगळ्यांनी एका सुरात, “आई, ऊठ ना गंऽऽ!” माझाच चढ, माझाच उतार, शेवटी माझा आवाज फाटतो तो तसाच्या तसा. शेकडो गळे. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, “ओरडा ना तुम्हीपण. मोकळं वाटतं.”

मी नाही ओरडले. माझं एकदा ओरडून झालंय.

हेही मी गिळलं असतं. पण दिवे लागले, तू माईक घेतलास, आणि मागून कुणीतरी विचारलं, ती पोरगी एवढी खरी कशी रडली? तू हसलास. तुझं ते हसू बघितलं आणि मला कळलं. मी आईच्या कानामागचं मशीन बंद करायला हात नेला. तिने माझं मनगट धरलं. “ऐकू दे,” म्हणाली.

ऐकलं तिने. मीच बसवलेल्या मशीनने, एकही शब्द न गाळता. तू सांगत होतास : पोरगी काही केल्या रडेना, चिमटे काढले तरी रडेना. तिची आई माझ्या जन्मासाठी दवाखान्यात. मग आमच्या बाबांनी तिला बाजूला नेलं आणि सांगितलं, दवाखान्यातून फोन आला होता, तुझी आई गेली, बाळही गेलं. आणि कॅमेरामनला म्हणाले, चालू कर! मग तू थांबलास. कुठे थांबायचं ते तुला बरोबर कळतं. “म्हणजे बघा मंडळी, मी जन्माला यायच्या आधीच या सिनेमाने माझा बळी घेतला होता!”

छप्पर उडेल इतके हसले. विणणाऱ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत, पण त्यांचा टाका सुटला होता, त्यामुळेही असेल.

आई म्हणाली, “चल, मला बाहेर जायचंय.” तुला वाटलं ती दमली. टॅक्सीत तिने विचारलं, “खरं आहे?” मी म्हटलं, छोट्याला रंगवून सांगायची सवय आहे. ती म्हणाली, “मी त्याचं नाही विचारत. तुला विचारतेय.”

मी हो म्हटलं. झालं समाधान?

ताई


१९ डिसेंबर

छोट्या,

तुझं पत्र मिळालं. ‘ताई, तू सगळं फार मनाला लावून घेतेस.’ हे वाक्य तू शाळेत असल्यापासून वापरतोयस. माझी रंगपेटी तोडलीस तेव्हाही हेच म्हणाला होतास.

तू लिहितोस, लोक बाबांवर प्रेम करतात. करत असतील. मुलं माकडावर करतात तसं. तू लिहितोस, नाहीतर तो सिनेमा माळ्यावर कुजून गेला असता. गेला असता तर काय बिघडलं असतं? आईच्या डोक्यात तो चांगला चालला होता. तिथे रोज खेळ होता, रोज हाऊसफुल्ल.

तिची हालहवाल विचारली आहेस. तिने मशीन काढून डबीत ठेवलंय. मी ओरडून बोलते, ती मान हलवते. बाबांच्या फोटोला तिने काही केलं नाही, भिंतीवर आहे तसाच आहे. फक्त ती आता त्या खुर्चीत बसत नाही, जिथून तो समोर दिसतो. पलीकडच्या बाजूला बसते. मास्तरीणबाई सोहळा कसा झाला म्हणून विचारायला आल्या होत्या. आई म्हणाली, “छान झाला. लोकांना फार आवडला.”

परवा दुपारी मी तिची नखं कापत होते. अचानक म्हणाली, “मी बाळंत झाले तेव्हा तू दवाखान्यात आलीस. बाळाकडे बघितलंसुद्धा नाहीस. माझ्या नाकाखाली बोट धरून उभी राहिलीस.”

मी म्हटलं, हो.

“घरी आल्यावरही धरायचीस. मी झोपले की येऊन बोट धरायचीस. किती महिने. मला जाग यायची, मी वैतागायचे. एकदा थोबाडीत मारली होती तुला.”

मी म्हटलं, आठवत नाही. आठवतं. उजव्या गालावर.

तिने दुसरा हात माझ्यापुढे केला. मग म्हणाली, “मला वाटायचं, तुला बाळाचा मत्सर वाटतोय. तुझ्या बाबांनीच तसं सांगितलं होतं मला.”

हे मलाही नवीन होतं, छोट्या. चिमटे, फोन, सगळं मी इतकी वर्षं माफ करत आणलं होतं. एका वेड्या माणसाचं सिनेमाचं वेड म्हणून. पण त्यांना माहीत होतं मी बोट का धरते. माहीत असून त्यांनी तिला दुसरंच सांगितलं, आणि तिने मला मारलं तेव्हा ते तिथेच उभे होते.

तुझ्या विनोदाला ही एवढी जोड दे. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

ताई


१० जानेवारी

छोट्या,

पुन्हा तेच. ‘त्या वाक्यात बाबांनी मलाही मारलंच होतं ना, ताई? मी हसतोच ना? तूही हस. यंदा दोघं मिळून स्टेजवर जाऊ, लोक वेडे होतील.’

तू आईला भेटायला आला नाहीस. दीड महिन्यात एकदाही नाही. पण स्टेजवर दोघांनी जायचं कसं, कुणी कुठे उभं राहायचं, ते तुझं ठरलंय.

मग ऐक. इतके दिवस मी हे तुला सांगितलं नव्हतं. जिन्यातही नव्हतं सांगितलं. तेव्हा तू रडत होतास, बाबांचे पाय चेपून आला होतास, मला सांगवलं नाही. आता सांगवतंय.

तू स्टेजवर सांगतोस तसं नाही झालं. बाबांनी दोघांचं एकदम नाही सांगितलं.

आधी फक्त तुझं सांगितलं.

सामानाच्या गाडीमागे मला घेऊन गेले, उकिडवे बसले, माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाले, “दवाखान्यातून फोन आला होता. आपलं बाळ गेलं.” आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कॅमेरामन पलीकडे तयार उभा होता. मी विचारलं, “मग आई उद्याच घरी येईल?”

कॅमेरामन हसला. त्याला आवरेना. बाबा उठले, सिगरेट ओढली, अर्धी टाकून दिली, परत येऊन तसेच बसले. आणि मग आईचं सांगितलं.

तेव्हा तुझ्यासाठी कुणी रडलं नव्हतं. तुझ्या नावाची जी काही बातमी होती तिने माझ्या डोळ्यांत टिपूस आला नाही. ती किंकाळी आईची आहे. तिच्यात तुझा वाटा नाही, तेव्हा तिच्यावर उभा राहून टाळ्या घेऊ नकोस.

आता हस.

ताई


२ डिसेंबर

छोट्या,

जानेवारीपासून तुझं एक अक्षर नाही. आईचा फोन उचलतोस, ‘कामात आहे, नंतर करतो’ म्हणतोस आणि ठेवतोस. ती संध्याकाळी तेवढं मशीन लावते, तुझा फोन आला तर ऐकू यावा म्हणून. बाकी दिवसभर डबीत.

आज क्लिनिकमध्ये एक पेशंट आला. मी ओळखलं नाही, सरड्याचं मुंडकं नव्हतं ना. त्यानेच ओळखलं. “तुम्ही गेल्या वर्षी पहिल्या रांगेत होतात! आईंना घेऊन!” तो दातांचा डॉक्टर. दात कोरायच्या मशीनच्या आवाजाने त्याचे कान कामातून चाललेत. मी त्याला आतल्या बंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. शहाण्या मुलासारखा दाबत होता. बारीक, वरच्या सुरांना मात्र नुसताच बघत बसायचा. ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

बाहेर आल्यावर म्हणाला, “यंदा आला नाहीत. आईंची उशी आणली होती मी.”

मी म्हटलं, जमलं नाही. कसं झालं?

“छान. विहिरीचा सिनेमा लागला होताच. आणि त्या दिग्दर्शकाच्या मुलाने यंदा नवीनच भानगड सांगितली.”

त्याला मी कोण ते माहीत नाही. अजूनही नाही. त्याने मला सगळं सांगितलं. सामानाची गाडी, उकिडवे बसलेले बाबा, खांद्यावरचे हात. आणि “मग आई उद्याच घरी येईल?” हे त्याने पोरीचा आवाज काढून सांगितलं. तू तसाच आवाज काढला असशील.

“हसले का लोक?” मी विचारलं.

“हसले म्हणजे! थिएटर डोक्यावर घेतलं. आजवरचा सगळ्यात मोठा हशा.”

“आणि तो?”

डॉक्टर म्हणाला, “तो नाही हसला. नेहमी आधी तोच हसतो, मग आम्ही. यंदा माईक धरून तसाच उभा राहिला. आम्हाला वाटलं, अजून पुढे काहीतरी आहे. आम्ही वाट बघत बसलो. बराच वेळ. मग कुणीतरी दिवे घालवून पुढचा सिनेमा लावला, तरी तो तिथेच. पडद्यावर सिनेमा चालू, आणि याची सावली मधोमध. लोक ओरडायला लागले, ए, बाजूला हो.”

मी त्याचा रिपोर्ट पुरा केला. त्याला सही करून दिला. पुढच्या वर्षी नक्की या म्हणून सांगून तो गेला.

जानेवारीत ते पत्र टाकलं तेव्हा मला वाटलं होतं, तुला लागलं की मला बरं वाटेल. आज लागलेलं कळलं. बरं वाटलं नाही. पण वाईट वाटलं असंही लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. तू ते का सांगितलंस, हे मी विचारणार नाही. मी तुला सुरी दिली, तू ती लोकांना करमणूक म्हणून दाखवलीस. तुला दुसरं काही येतच नाही. बाबांनाही येत नव्हतं.

एवढंच की, शेकडो माणसं हसताहेत आणि आपल्याला तिथून हलता येत नाही, म्हणजे काय होतं, हे आता घरात दोघांना माहीत आहे.

आईला जानेवारीच्या पत्रातलं काही माहीत नाही. तू येत नाहीस ते माझ्या बोलण्यामुळे, एवढाच तिला संशय आहे. काल मला म्हणाली, “तू मोठी आहेस, तूच बोलाव त्याला.” म्हणून लिहितेय. रविवारी ये. दुपारी ये, तेव्हा ती जागी असते. मशीन लावून बसवते तिला.

ती वाट बघते. मी बघते असं समजू नकोस.

ताई